मोरव्यातली थंड खोली

मामा, आज मोरव्यात माझ्या सासूबाईंच्या थंड खोलीत पहिली मासळी लागली, आणि ती बातमी तुला सांगितल्याशिवाय मला जेवण जाईना. तुला जाऊन इतकी वर्षं झालीत की केबिन रोडवर तुझं दुकान नेमकं कुठलं होतं ते दाखवायला गेले तर मीच चुकते. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. तरी सांगतेच. तू असतास तर म्हणाला असतास, "पाल्हाळ लावू नकोस, मशीन बंद का पडलं तेवढं बोल." पण आता तुला मध्ये तोंड घालता येत नाही, तेव्हा मी सगळं माझ्या चालीने सांगणार आहे.

तुमचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आहे अजून. मामी ओट्यावर भाकऱ्या थापतेय आणि तू खाली फरशीवर तांब्याच्या नळीचे तुकडे मांडून मला जोड मारायला शिकवतोयस. मामी कुरकुरतेय की एका घरात एकच शेगडी बरी, ही दुसरी ज्वाला उचला इथून. मी एक जोड मारते, असा चकचकीत की मामीसुद्धा वाकून बघते. तू हॅकसॉ घेतोस आणि तो जोड उभा चिरतोस. आत काळी काजळी, पापुद्रे सुटलेले. "नायट्रोजन सोडायचा कंटाळा केलास ना? बाहेरून लग्नाचा चुडा आणि आतून चुलीचं धुराडं. ही घाण उद्या मशीनच्या पोटात जाणार, आणि मग लोक मला शिव्या देणार." जोड तापवताना नळीतून हळूहळू नायट्रोजन वाहता ठेवला की आत काजळी धरत नाही, हे मला तू आधी दहा वेळा सांगितलं होतंस. मला रडू कोसळलं. मामीने गरम भाकरीवर लोणी घालून माझ्या हातात दिली, आणि तिच्यातली अर्धी तूच खाल्लीस. त्या दिवसापासून नायट्रोजनशिवाय मी ज्वाला पेटवलेली नाही.

आणि लग्नातला तुझा आहेर. मामा म्हणून शालू आणलास ते ठीक, पण त्याच ताटात शालूवर तू गेजचा सेट ठेवलास, लाल, निळी, पिवळी नळी नीट गुंडाळून. गॅसचं प्रेशर बघायचे ते दोन काटे मांडवात कुणाच्या ओळखीचे असणार? सासूबाई वाकून बघतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतात, "यो कसला हार हाय गो?" तू मान ताठ ठेवून म्हणालास, "पोटापाण्याचा." मी मुंडावळ्यांआड हसू दाबत होते. त्या मात्र हसल्या नाहीत. सुनेने पाने घेऊन लोकांचे फ्रिज आणि एसी खोलत फिरावं हे त्यांना पटलं नव्हतं, आणि या श्रावणापर्यंत पटलेलं नव्हतंच.

आम्ही राहतो भाईंदर पूर्वेला फ्लॅटमध्ये, सासूबाई मोरव्यात आपल्या जुन्या घरात. उभा जन्म मासळी विकली त्यांनी. बर्फाच्या पेट्या ओढून ओढून कंबर गेली, तरी कुणाला हात लावू देत नाहीत. मीच या वर्षी म्हटलं, आई, मागची पडवी बंदिस्त करू, भिंतींना थर्मोकोलचे जाड पॅनेल लावू, मी तुम्हांला थंड खोली करून देते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी शिळं पापलेट ताजं म्हणून गळ्यात मारतेय. "बर्फ डोल्यांना दिसतो. तुजा गॅस दिसतो कुठं?" नवरा नेहमीप्रमाणे दोन्ही डगरींवर हात ठेवून. शेवटी त्यांनीच अट घातली. नारळी पुनवेनंतर बोटी दर्यात जातील, पहिली मासळी येईल, तोवर खोली धड चालली तर ठीक. नाही चालली तर तिथे जाळी आणि सरपण भरायचं, आणि ह्या घरात पुन्हा माझ्या मशीनचा विषय काढायचा नाही. गल्लीतल्या बायकांसमोर म्हणाल्या हे. म्हणजे माझी परीक्षा, आणि बघायला सगळा गाव.

मी काम तुझ्या पद्धतीने केलं. बाहेरचं युनिट मागच्या अंगणात लोखंडी स्टँडवर बसवलं, मागे भिंतीपासून हवा घ्यायला जागा सोडून, पुढे पंख्याची गरम हवा फेकायला मोकळं अंगण. जाड नळीला युनिटच्या दिशेने उतार दिला, म्हणजे तेल परत मशीनकडे येईल. जिथे नळी वर चढते तिथे तेलासाठी खाली वळसा ठेवला. सगळे जोड नायट्रोजन सोडून. मग नायट्रोजनचं प्रेशर भरून जोडांना साबणाचा फेस लावला, आणि सासूबाई मोडा घेऊन बुडबुडे बघायला बसल्या. एकही आला नाही, तर जराशा हिरमुसल्या. दुसऱ्या सकाळी काटा जागचा हलला नव्हता. व्हॅक्यूम पंप लावला तेव्हा विचारतात, "यो इतका येळ काय काढतो?" म्हटलं, नळीतली हवा आणि ओल. "हवा काढाया पण मशीन? कमाल हाय." पण गॅस भरताना मी सिलिंडर उलटा करून वजनकाट्यावर ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. काट्याजवळ येऊन उभ्या राहिल्या, आकड्यावर डोळा ठेवून. "वजनानं देतंस होय? मंग बरोबर." मामा, वजनकाट्याने जे केलं ते माझ्या पंधरा वर्षांच्या बडबडीने झालं नव्हतं. नळीवरच्या बारक्या काचेत दिसणारे बुडबुडे थांबले, गॅस स्वच्छ वाहायला लागला, पंखा गरम वारा फेकायला लागला आणि खोली गारठली. त्या आत जाऊन शाल मागायला बाहेर आल्या.

आणि दुसऱ्या दुपारी फोन. "बंद पडलं तुजं." धावत गेले. हाय प्रेशरचा कटआउट पडलेला, म्हणजे प्रेशर फार चढलं म्हणून मशीनने स्वतःला बंद केलेलं. लाल बटण दाबलं, युनिट सुरू, काटे जागेवर, सगळं गोडीगुलाबीत. तासभर बसले, चहा झाला, काही नाही. घरी पोचते न पोचते तोवर परत फोन. पुन्हा गेले, पुन्हा तेच, माझ्यासमोर मशीन गुणी बाळ. असं रोज दुपारी व्हायला लागलं. शेजारची काकी ओट्यावरून म्हणायची, "बर्फ कवा ट्रिप होत न्हाय बाय." मला झोप लागेना. वाटलं गॅस जास्त झाला, मग वाटलं व्हॅक्यूम नीट झाला नाही, आत हवा राहिली. वजन तर बरोबर होतं, पण एकदा संशयाचं भूत बसलं की आपलंच काम आपल्याला चोरासारखं दिसतं. पुनव झाली, बोटी गेल्या. सासूबाई म्हणाल्या, "उद्या मासली येल. सकाली बर्फवाल्याला सांगतंय." आवाजात राग नव्हता, त्यांनी सोडून दिलं होतं, आणि तेच जास्त लागलं मला. घरून पंप आणून सगळा गॅस काढायचा आणि पहिल्यापासून भरायचा असं ठरवून मी सामान बांधायला घेतलं.

गेज काढून घेताना वाकले, तर युनिटच्या मागे, हवा आत घेते त्या कॉइलजवळ नाकात वास भरला. तुला आठवतं ना, तू मशीन उघडायच्या आधी हुंगायचास? लोक हसायचे, म्हणायचे मेकॅनिक आहे की मांजर. जळक्या तेलाचा वास तुला दारातून कळायचा. मी पुन्हा हुंगलं. तेल नाही, गॅस नाही. बोंबील. कॉइलच्या बारीक पट्ट्यांमध्ये सुक्या बोंबलाचा चुरा अडकला होता. सामान परत पिशवीत टाकलं, येते म्हटलं आणि निघाले, कोपऱ्यावरच्या टपरीवर एक कटिंग प्यायले आणि न सांगता मागच्या बाजूने अंगणात आले.

काय सांगू तुला. युनिटच्या पुढे लुगडं बांधलेलं, चारी टोकं घट्ट, आतून पंख्याची जाळी सबंध झाकलेली. लुगड्याच्या झोळीत पावसाने सादळलेले सुके बोंबील, आणि सासूबाई मोड्यावर काठी घेऊन मांजरं हाकतायत. गरम हवेला जायला जागा नाही, प्रेशर चढणार नाही तर काय होणार. मला बघून अशा दचकल्या की काठी पडली. "गरम वारा फुकट चाल्ला होता," म्हणाल्या, "म्हटला बोंबील कडक होतील." मी विचारलं, आई, मग मी आले की कुठे जायचं हे सगळं? त्या लुगड्याची गाठ सोडत राहिल्या. "तू येनार म्हनून उचलायची. फ्लॅटात राहतंस. वासानं नाक मुरडशील."

इतक्या दिवसांची माझी झोप एका लुगड्याने खाल्ली होती, आणि मला राग येण्याऐवजी हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं मी रागावले. मी एक बोंबील उचलला आणि तसाच कच्चा चावला, म्हटलं, अजून एक दिवस लागेल कडक व्हायला. मग आधी त्या हसल्या, मग आम्ही दोघी, इतक्या की काकी भिंतीवरून डोकावली. तिने विचारलं, काय गो, काय बिघडलं होतं? तुझा नियम होता, गिऱ्हाईकाला खोटा बिघाड सांगायचा नाही. मी मोडला तो. म्हटलं, माझंच थोडं चुकलं होतं. सासूबाईंनी माझं वाक्य संपू दिलं नाही. "तिचा काय चुकला न्हाय. मीच लुगडा बांधला होता तोंडावर. मानसाच्या तोंडावर बांधला तर मानूस पण पडंल."

संध्याकाळी कॉइल ब्रशने साफ केली. पंख्यापासून चांगली लांब, बाजूला, बोंबील वाळत टांगायला आडव्या बांबूंची वलांडी बांधून दिली. वारा लागतो, अडत नाही. रात्रभर युनिट चाललं. सकाळी टेम्पो आला, पेट्या उतरल्या, आणि सासूबाईंनी पदर खोचून बर्फवाल्याला फोन लावला. "भैया, बरफ मत भेजना. नहीं, कल भी नहीं. घर में मेकॅनिक है मेरी." सून म्हणाल्या नाहीत. मी तिथेच उभी होते, हात पेट्यांच्या पाण्याने ओले, आणि मला इतका आनंद झाला की काय करावं ते सुचेना, म्हणून मी उगाच दाराचं रबर तपासत बसले.

हे पत्र मामीला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. ती अजून खणखणीत आहे, तुझ्यावर एक शब्द ऐकून घेत नाही. पण आता वाटतं नकोच, घडी घालून ठेवून देते. कारण एक गोष्ट सांगायची राहिली आहे. काम संपलं की दर वेळी मी मनातल्या मनात तुला विचारते, मामा, बरोबर झालं ना? इतक्या वर्षांत हे विचारायचं एकदाही चुकलेलं नाही. आज मासळी आत गेली, दार लागलं, सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या, आणि मी तुला विचारायला विसरले.