मागे माणूस बसलंय

४ फेब्रुवारी, रविवार

प्रिय खटपट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत, तूही गाडीखाली खुशाल असशील असं धरून चालते. पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर तू नुसतं "हं" म्हणतोस आणि मागे ते ग्राइंडर बोलत असतं. शिवाय हल्ली आमच्या घरात फोनवर मोकळेपणी बोलता येत नाही. का, ते विचारू नकोस.

तुझा निरोप मिळाला. "मागची सीट परत हवी आहे, टेम्पो पाठवतो." बस्स. अरे, शेजाऱ्याने नेलेली शिडी परत मागतानाही माणूस आधी चार शब्द इकडचेतिकडचे बोलतो.

ती सीट माझ्या दारात कशी उतरवलीस, आठवतं का? "ताई, टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही," म्हणालास. गाडीचं वजन कमी करायचं म्हणून माणसांची जागाच काढून टाकणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ती वर चढवताना जिन्यात तुझ्या भावजींची कंबर धरली. शेवटी दुकानावरच्या गॅलरीत विटा रचून आम्ही ती बसवली. तेव्हापासून ती तिथेच आहे, आणि चांगली रोजच्या वापरात आहे. कोण वापरतं हा प्रश्न वेगळा.

आता माझा प्रश्न. ज्या गाडीचा तू रंग खरवडलास, जिला खाली बसवलंस, जिचा सायलेन्सर बदललास, तिला आता मागची सीट का आठवली? सायलेन्सरवरून आणखी एक. मी चष्मे विकणारी बाई, मला यातलं काही कळत नाही, म्हणून खरंच विचारतेय. सायलेन्सर म्हणजे आवाज गप्प करणारा ना? मग पदरचे पैसे घालून त्याला बोलका कशाला करायचा? हा टोमणा नाही. अशा गाड्या रोज आमच्या समोरून जातात. थंड पाण्यात पाय घालताना माणूस बिचकतो तशा त्या स्पीडब्रेकरशी बिचकतात, पण आत बसलेला मात्र खुशीत असतो. त्या खुशीचं मला कुतूहल आहे.

इथल्या एका शेजाऱ्यालाही आहे. तो विचारतोय, गाडी खाली बसवताना तू स्प्रिंगा कापल्यास की आखूड नव्या घातल्यास? कापल्या असशील तर त्याला तुझ्याशी काही बोलायचं नाही म्हणे.

बाबांचं तू विचारलं नाहीस, म्हणून मीही लिहीत नाही. फक्त एवढंच, की परवा दुकानात एक म्हातारा ड्रायव्हर चष्म्याला आला होता. त्याला मी आपल्या बाबांचं सांगितलं. जन्मभर डॉक्टरीणबाईंची गाडी चालवली, बाईंनी दवाखाना बंद केला तेव्हा तीच गाडी बाबांना देऊन टाकली, आणि पुढे बाबांनी ती तुला दिली. आणि त्यांचं ते एकच पालुपद, "गाडी कशीही चालवा, एवढं ध्यानात ठेवा, मागे माणूस बसलंय." तो हसला. पुढचं मी काही बोलले नाही. सीट काढलेली पाहून बाबा "मागे कोण बसणार?" एवढंच म्हणाले आणि त्यानंतर तुम्ही दोघं एकमेकांशी बोललेला नाहीत, हे काय परक्याला सांगायचं?

तर कारण कळव. पटलं तर सीट मिळेल. टेम्पो पाठवू नकोस, रिकामा परत जाईल.

तुझी चौकस
ताई

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रिय खटपट्या,

तुझं पत्र आलं, तेही चक्क दोन पानी. दुकानात उभ्या उभ्या वाचलं, मग वर जाऊन बसून वाचलं.

गाडी विकतोयस तर. गिऱ्हाईकाला ती मुळात होती तशी हवी आहे, म्हणून सीट. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण तू दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंयस. "ताई, गाडी मनासारखी झाली, पण बसायला कुणी नाही." त्या कडक स्प्रिंगांनी वहिनीची पाठ धरते, लेकीला मागे जागा नाही, आणि तू किल्ली फिरवलीस की खालच्या मजल्यावरचे खिडक्या लावून घेतात. सुट्ट्या गाडीखाली गेल्या, अंगठ्याचं नख गेलं ते परत आलं वेडंवाकडंच. आणि वहिनीचं वाक्य तर तिच्याच तोंडून ऐकल्यासारखं वाटलं. "गाडीला सवत म्हणायचीसुद्धा माझी तयारी आहे, पण सवत कधीतरी माहेरी जाते." या बाईला मी उगाच शांत समजत होते.

पण त्या सगळ्यातून मिळालं काय, तेही तू लिहिलंस, आणि तो भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. पहिल्यांदा इंजिन उघडून परत जोडलंस, ते सुरू झालं, आणि तू एकटाच मोठ्याने हसलास. आता रस्त्यात काही खडखडलं तर भीती वाटत नाही, कुठून आवाज येतोय ते कळतं. ऑफिसात दिवसभर राबून संध्याकाळी कुणाला दाखवायला हातात काही नसतं, इथे असतं. सायलेन्सरचं उत्तरही आवडलं. "तो बोलका नाही केला, इंजिनाला काय म्हणायचंय ते ऐकू येईल एवढं केलं." बरं बाबा. ते खालच्या मजल्यालाही ऐकू येतं, एवढीच अडचण.

शेजाऱ्याला मी अर्धंच पत्र वाचून दाखवलं. नव्या आखूड स्प्रिंगा घातल्यास हे ऐकून त्याने नुसतं "हूं" केलं, पण ते बरं वाटल्याचं हूं होतं. मग गेल्या रविवारी त्याला घेऊन मी नदीकाठच्या मोठ्या पार्किंगमध्ये गेले. तिथे तुझ्या जातकुळीचे लोक सकाळी जमतात आणि आपापली बॉनेट उघडून उभे राहतात. मी आपली "हे काय, ते कशाला" करत फिरत होते. एक दातांचा डॉक्टर भेटला, गाडीचे सगळे दिवे त्याने स्वतः बसवलेले. "बायको काय म्हणते?" मी विचारलं. "ती काय, त्या निळ्या गाडीखाली," तो म्हणाला. खरंच, गाडीखालून दोन पाय दिसत होते.

शेजारी एका पिवळ्या गाडीशी थांबला. हात मागे बांधून एक चक्कर मारली, वाकला आणि टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. डोळ्यांपेक्षा बोटांवर त्याचा भरवसा जास्त आहे.

"काका, काय बघताय?" मालकाने विचारलं.

"आतून झिजतोय. गाडी बसवलीत छान, पण चाकं सरळ करून घ्यायची राहिली. एका अंगाला ओढत असेल."

"ओढते ना. मला वाटलं रस्ताच तसा आहे."

"रस्त्याला नावं ठेवणं सोपं," शेजारी म्हणाला.

मग दोघांची डोकी जी बॉनेटमध्ये गेली ती ऊन तापेपर्यंत वर आली नाहीत. मी छत्रीखाली बसून राहिले. घरी येताना मला म्हणाले, "पोरं वाया गेलेली नाहीत."

आता त्याचे पुढचे प्रश्न, सांगितले तसे लिहिते. सीट काढल्यावर मागचा भाग हलका झाला असेल, तर ओल्या रस्त्यावर वळताना घसरतो का? सीटखालच्या पत्र्यातलं रबरी बूच परत लावलंस का? आणि सीट बसवायची झाली तर डावीकडच्या बोल्टचे आटे गेलेत. तो अंगठ्याने दाबून धरायचा, जरासा उलटा फिरवायचा, आणि मगच आवळायचा.

सीट देणार नाही असं नाही. पण गिऱ्हाईकाला थोडं थोपव. तुला घाई नसेलच. इथे आहे, पण ती वेगळी.

तुझी
ताई

११ मार्च

खटपट्या,

या वेळी तुझ्या पत्रात एकच ओळ. "डावीकडच्या बोल्टचं तुझ्या शेजाऱ्याला कुणी सांगितलं?"

सापडले मी. लिहिताना लक्षातच आलं नाही, की तो बोल्ट जगात दोनच माणसांना ठाऊक आहे, ज्याच्या हातून आटे गेले त्याला आणि ज्याने सीट काढली त्याला. बरं झालं. बाबांना पत्रभर "तो" आणि "त्याला" म्हणताना मी सारखी जीभ चावत होते. एके ठिकाणी तर हात वळला नाही, "म्हणाले" असंच लिहून गेले. बघ मागचं पत्र काढून.

बाबा गेल्या वर्षापासून माझ्याकडे आहेत. तुला कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं. तपासायला म्हणून मी त्यांना दुकानातल्या खुर्चीवर बसवलं, तर समोरच्या पाटीवरची अक्षरं त्यांनी तळापर्यंत घडाघडा वाचली. मग उठले आणि शेजारच्या स्टुलाला अडखळून पडले. मला तिथेच कळलं. डॉक्टरांनी नंतर नाव सांगितलं, काचबिंदू. कडेचं दिसणं गेलंय. मधलं शाबूत आहे, पण तेही हळूहळू आक्रसतंय. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं टिकवायचं. मी डोळ्यांत थेंब घालते तेव्हा मला रडू येतं, त्यांना येत नाही.

ते रोज दुपारी चहा घेऊन त्या सीटवर बसतात. डॉक्टरीणबाई बसायच्या त्याच कोपऱ्यात. खाली स्पीडब्रेकरवरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरला मार्क देतात, आणि हात आखडूनच देतात. एकदा मी सहज विचारलं, "बाबा, गाडीत होती तेव्हा या सीटवर कधी बसला होतात?"

"मी कशाला बसेन? मी पुढे."

"आणि गाडी आपली झाल्यावर?"

"तेव्हाही चालवायला मीच. मागे तुझी आई आणि भांडणारे तुम्ही दोघं." मग चहा संपवून म्हणाले, "चालवणं सोडलं, गाडी त्याच्या हातात दिली, तेव्हा म्हटलं, आता तो चालवेल, आपण मागे बसू. बघू तरी मागून काय दिसतं."

खटपट्या, "मागे कोण बसणार?" हे आपण दोघांनीही टोमणा म्हणून ऐकलं. ते स्वतःच्या जागेची चौकशी करत होते रे.

गाडी विकायला काढलीस हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. काल तुझं ते दोन पानी पत्र पूर्ण वाचून दाखवलं. म्हणाले, "गाडी त्याची आहे. त्याने विकावी." जरा वेळाने म्हणाले, "पण बूच लाव म्हणावं, नाहीतर गिऱ्हाईकाच्या पायात पाणी येईल." आणि मग कितीतरी वेळाने, "बसायला कुणी नाही, असं लिहिलंय त्याने?" ती ओळ त्यांनी मला परत वाचायला लावली.

विकायची की ठेवायची ते तू आणि वहिनी ठरवा, मी त्यात पडणार नाही. पण आधी इकडे ये. टेम्पो नको, गाडी घेऊन ये. सीट आपण गॅलरीतून खाली आणू. भावजींच्या कमरेचं मी बघते. दुकानासमोर, रस्त्याच्या कडेला सीट बसव, बोल्ट बाबा सांगतील तसा आवळ, आणि मग त्यांना बसव. नंतर वहिनीला आणि लेकीलाही मागे जागा होईल. स्प्रिंगा कडक आहेत हे मी बाबांना सांगितलं. म्हणाले, "असू देत. खड्डा आला तर कळेल तरी." आवाजाचंही सांगितलं. त्यावर नुसते हसले. तुझं इंजिन काय म्हणतंय ते त्यांना ऐकायचंय, एवढं मला ठाऊक आहे.

कडेचं न दिसता बसून काय करणार, असं मी मूर्खासारखं विचारून बसले. तर म्हणाले, "आयुष्यभर समोर बघितलं. कडेचं बघायचं ते मागच्यांनी. आता मान वळवून बसेन. मान वळवली की कडेचंच समोर येतं." हे किती दिवस असंच राहील ते डॉक्टरही सांगत नाहीत. म्हणून म्हटलं, इथे घाई आहे.

हे पत्र मी त्यांच्यासमोर बसून लिहितेय, त्याच सीटवर, दुसऱ्या कोपऱ्यात. "त्याला काही सांगायचंय का?" विचारलं. आधी नको म्हणाले. मग म्हणाले, "लिही, दुकानासमोरचा स्पीडब्रेकर उंच आहे, तिरका घे." मी लिहिलं. त्यांनी मान वळवून खालच्या रस्त्याकडे पाहिलं, आणि मग म्हणाले, "आणि लिही, मागे माणूस बसलंय."

या खेपेस पुढच्या सीटवर बसणारी,
तुझी ताई