दोन चकत्या

नागपूर, ता. १७ फेब्रुवारी १९६८

प्रिय प्रेमिला,

दोन वर्षांपूर्वी, त्या सकाळी, मी अंगणात तांदूळ पाखडत होते. चुलीवर पाणी तापत होतं. तेवढ्यात ह्यांनी हाक मारली, "सूप ठेव वं, बोटं दे जरा." माझ्या दोन बोटांवर त्यांनी बंदूक आडवी ठेवली. ती पुढेही झुकली नाही, मागेही नाही, तेव्हा हसले. वीस वर्षं लोकांच्या बंदुकांना लाकडी दस्ते घडवले, पण स्वतःच्या बंदुकीचा दस्ता निवडायला त्यांना वर्ष लागलं. म्हणायचे, हलका दस्ता चालायला बरा, पण बार सुटला की खांदा फोडतो. जड दस्ता स्थिर राहतो, पण दुपारपर्यंत हात गळतात. वजन दोन हातांच्या मधोमध पडलं पाहिजे, आणि मागचं टोक कोपरात टेकवलं की बोट चापावर सहज पोचलं पाहिजे.

हे बुटके, तुझे देवराव उंच. म्हणून दस्ता लांब करायला मागच्या टोकाला दोन लाकडी चकत्या केल्या होत्या. देवरावांनी बंदूक घेतली की बसवायच्या, ह्यांनी घेतली की काढायच्या. त्या सकाळी ह्यांनी दोन्ही काढून पिशवीत टाकल्या आणि म्हणाले, "आज शिकारीत बंदूक त्याच्या हाती देत नाही. भरलेली घेऊन चालते तो."

रात्री पारशिवनीच्या रानातून ह्यांचं प्रेत ट्रकात घालून आणलं. ठेच लागून पडले, खांद्यावरची बंदूक उडाली, असं देवरावांनी सांगितलं. सगळीकडे तेच झालं, मरणारा निष्काळजी. चकत्यांचे स्क्रू फिरवायचा ह्यांचा पेचकस त्या दिवशी घरीच राहिला होता, तो मी अजून तेल लावून ठेवते.

गेल्या सोमवारी देवराव कागद घेऊन आले. "वहिनी, ठाण्यात गंजून राहिली बंदूक. सही द्या, माझ्या नावानं करून घेतो. गोपाळची आठवण राहील."

सहीआधी एकदा हातात घ्यावी म्हणून मी ठाण्यात गेले. शिपायानं हसत दिली. कोपरात टेकवली, तर माझं बोट चापापर्यंत पोचेना. माझा हात ह्यांच्याएवढाच. पाहिलं तर दोन्ही चकत्या बसवलेल्या, स्क्रूंच्या खाचा चाकूनं खरवडल्यासारख्या. ह्यांनी एकही खाच कधी अशी सोडली नाही.

आधी वाटलं, ठाण्यातच कोणी खेळलं असेल. घरी येऊन पेटीतली पंचनाम्याची नक्कल काढली. आपण उमरेडला हातमागाच्या कांड्या भरायचो तेव्हा मला सही येत नव्हती, आठवतं? आता वाचते, बोट ठेवून. हे गेले त्याच संध्याकाळी पोलिसांनी जागेवर लिहिलेलं होतं: 'दस्त्याच्या टोकास दोन लाकडी चकत्या.' दोन वर्षं ती ओळ माझ्या पेटीत पडून होती.

गुरुवारी देवराव सहीसाठी आले. मी विचारलं, "भावजी, बंदूक तुमच्या हातात होती का हो?"

"कितीदा सांगू? मी वीस पावलं मागं. हातही नाही लावला."

"मग चकत्या कोणी बसवल्या?"

अर्धा चहा तसाच ठेवून ते उठले. "तुमाले बंदुकीतलं काय समजते, वहिनी?" म्हणाले, आणि कागद तिथंच विसरून गेले.

प्रेमिला, हातून चूक झाली एवढं म्हणाले असते, तर मी सही केली असती. अजूनही मला वाटतं, ती चूकच असेल. पण माझ्या माणसाला निष्काळजी ठरवून तीच बंदूक मागायला येणं माझ्यानं सोसवेना. तुझ्या दारी आता पोलीस येतील. तुला ते दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. त्या दिवशी घरी आल्यावर ते तुझ्याशी काय बोलले, ते तुलाच माहीत. मी विचारणार नाही.

शुक्रवारी सकाळी तांदूळ पाखडले, पाणी भरलं, आणि ठाण्यात जाऊन चकत्यांच्या ओळीखाली रेघ मारलेली नक्कल आणि पुन्हा तपास करा असा माझा अर्ज देऊन आले.

तुझीच,
यमू