पाडव्याचं पन्हं

परंडा, पाडव्याचा दुसरा दिवस

ती. आईस चांगुणाचा जयभीम,

मी बरी आहे. इथं टँकर येतो, पाण्याची फिकीर करू नको.

काल शाळेत पाडव्याचा कार्यक्रम झाला. माझ्या खोलीत राहणारी आपली शिवगंगा म्हणाली, "पन्हं तूच कर, तुझ्यासारखं कुणाला जमत न्हाय." प्यायला ठेवलेलं पाणी घालून मी पातेलंभर केलं.

पाहुण्यांना मात्र बाटलीतलं सरबत दिलं. माझं पातेलं मागच्या खोलीत झाकलेलं होतं. ते आणायला गेले, तर तिथंच शिवगंगा मोठ्या बाईंना सांगत होती, "तिच्या हातचं कुणाला दिलं न्हाय, बाई. निर्धास्त राहा."

आई, ती रोज माझ्या ताटात जेवते गं.

मी दोन ग्लास भरले. बाहेर येऊन एक सगळ्यांदेखत तिच्यापुढं धरला. "घे की," म्हटलं. तिनं मान खाली घातली, पण हात पुढं केला नाही. दुसरा ग्लास मी तिथंच उभ्यानं प्याले.

आता खोली बदलतेय, पत्ता कळवीन. तू भर उन्हात तळ्याच्या कामावर जातेस का अजून? दादांचा खोकला कसा आहे?

त्यांना यातलं काही सांगू नको. सुट्टीत तिला घरी आणलं, तेव्हा "मला दोन लेकी झाल्या" म्हणाले होते.

तुझी,
चांगुणा