भोंग्याची घाई

तीर्थस्वरूप मधुमामा,

सुनेत्राचा वाकून नमस्कार. तुमचा खोकला आता कसा आहे? चामटोलीची भातकापणी आटोपली असेल. मामीने पाठवलेले वाल आईने एकटीने संपवले (मला वाटाण्याच्या अक्षता).

इथे अंबरनाथला आम्ही खुशाल, फक्त मध्यंतरी आमची वेळ बिघडली होती. म्हणजे खरोखरच. बाबा ज्या कारखान्यात होते तिथले कॉम्प्युटर मी सांभाळते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हल्ली भोंगाही कॉम्प्युटरच वाजवतो. मी त्याचा कर्नल बदलला (म्हणजे आतली सगळी यंत्रणा हाकणारा प्रोग्राम; आईला वाटलं लष्करातला. "मंग जुना कर्नल कुठं गेला गो?") आणि तेव्हापासून भोंगा रोज थोडा थोडा लवकर वाजू लागला. कामगारांची तक्रार नव्हती, सुट्टी लवकर होत होती (सकाळी मात्र सगळे आपापल्या घड्याळाने येत). तक्रार आली आईची. बाबा दुपारी सायकलवरून जेवायला यायचे, तेव्हापासून भोंगा झाला की ती तवा चढवते. बाबा गेले तरी चढवतेच. म्हणाली, "भूक लागायच्या आधी भाकरी व्हाया लागली. तुझ्या बाबांच्या वेळंला असं नव्हतं."

मी घड्याळ हाताने लावलं, ते पुन्हा पुढे पळालं. (इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळते, पण साहेबांनी त्या मशीनला बाहेरचं वारं लागू दिलेलं नाही.) उल्हासनगर कॅम्प पाचातून मशीनच्या घड्याळाचा नवा सेल आणला. दुकानदार म्हणाला, "साईं, टाइम भी सुधरेगा, नसीब भी." दोन्ही होते तिथेच राहिले. शेवटी जुना कर्नल परत घालून पाहिला, तर घड्याळ सरळ! कॉम्प्युटरच्या पोटात वेळ मोजायची दोन-तीन साधनं असतात. नव्या कर्नलने भलतंच निवडलं होतं. त्याला जुनंच नेमून दिलं.

त्या दुपारी मुद्दाम घरी गेले. भोंगा वेळेवर झाला, तवा चढला. दारात चपलांचा आवाज ऐकून आई पाठमोरीच म्हणाली, "हात धुवून या." मग वळली, मला बघितलं आणि हळूच म्हणाली, "ये."

तुमची,
सुनेत्रा

ता. क. मॅनेजरसाहेब माझ्यावर खूश आहेत. इतके, की आता सगळ्यांना मोबाइलवरच वेळ कळवणार आणि पुढच्या महिन्यापासून भोंगा बंद. आईला सांगायची माझी छाती होत नाही. तुम्ही थोरले भाऊ, तुमचं ती ऐकते. रविवारी येऊन सांगाल का?

ता. ता. क. नको, सांगू नकाच. भोंग्याचा आवाज मी भरून घेतला आहे. तो लांबून आल्यासारखा वाटायला हवा, तेवढा स्पीकर छपरावर चढवायला या.