पेपिनोची लेक

१२ मार्च, गुरुवार

असुंता,

गुडघे कसे आहेत ते विचारत नाही, बाल्कनीतून दिसतात. माझे बरे आहेत. समोरासमोर राहून पत्र लिहायची वेळ आली, कारण अबोला तुझा, आणि गोष्ट गल्लीभर ओरडण्यासारखी नाही. तुझी टोपली पावासाठी खाली आली की ही चिठ्ठी पावाखाली सरकवेन.

काल पालिकेचा चिरो आला होता. गेल्या वर्षी गावातल्या झाडून सगळ्या कुत्र्यांच्या तोंडात कापूस फिरवून गेला, तोच. तुझी कुत्री कोन्तेसा तेवढी सुटली, खानदानी म्हणून तू तिच्या तोंडाला हात लावू दिला नाहीस. तेव्हापासून रस्त्यावरची घाण डबीत भरून प्रयोगशाळेत जाते आणि तिथून कुत्र्याचं नाव येतं. आपल्या बापाला सही येत नव्हती. आता कुत्र्याची शीसुद्धा सही करते.

गेल्या आठवड्यात चर्चच्या पायरीवर पाद्र्याचा पाय नेमका अशाच एका सहीवर पडला. तपासलं तर नोंदीतल्या कुठल्याच कुत्र्याची नाही. पण चिरो टोपी काढून म्हणाला, "आजी, बाप सापडलाय. तुमचा पेपिनो."

"खुर्चीवर चढायला त्याला मी लागते. तो चर्च कुठलं चढतोय?"

"घाण त्याची नाही हो, त्याच्या पोराची. पोर कुठंय?"

"बाप व्हायला जाताना मला विचारून गेला होता का तो?"

तळमजल्यावरच्या इमाकोलाताने जिन्यात सगळं ऐकलं. दुपारपासून लोक अभिनंदनाला यायला लागले. माझी कॉफी संपवून गेले. संध्याकाळी कुणीतरी दाराला निळी फीत बांधली, मुलगा झाल्यावर बांधतात तशी. मी सोडली नाही. फक्त रंग चुकलाय. मुलगी आहे ती.

हो, माहितीये मला. पहाटे तिला शालीखाली लपवून खाली आणतेस. एक कान उभा, एक लोंबता, आणि बसायच्या आधी एक गिरकी, थेट पेपिनो. गावभर सांगतेस ना, कोन्तेसाच्या पिल्लांचा बाप मिलानचा बक्षीसवाला कुत्रा? त्याचा कान असा लोंबत नाही, बाई. बाकीची पिल्लं कागदपत्रांसकट बड्या घरी दिलीस, ही एक कानामुळे घरात राहिली. नाताळच्या जेवणात ज्याला "खाटकाच्या दारचा" म्हणून माझ्यासकट बाहेर काढलंस, त्याने तुझ्या कोन्तेसाला कधी गाठलं देव जाणे. मी हसले नाही. खोटं कशाला, पोट दुखेपर्यंत हसले. एकटीच.

काल आलेल्यांना मी सांगितलं, पेपिनो आत झोपलाय, आवाज करू नका. इमाकोलाता आज त्याच्यासाठी हाडं घेऊन आली. ती मी उकळून सूप केलं. जानेवारीत गेला तो, असुंता. चिरोला कळवायला हवं होतं. नाव खोडतील म्हणून नाही कळवलं.

शनिवारी चिरो घरोघर फिरणार आहे. नोंद नसलेलं पिल्लू उचलून नेणार, आणि ज्याच्या घरात सापडेल त्याचं नाव पालिकेच्या दाराशी लावणार. मग तुझं मिलान सगळं गाव वाचेल. म्हणून उद्या पहाटे खाली आलीस की शाल माझ्याकडे दे. पेपिनोचं होतं, मीच लपवलं होतं, असं सांगेन. दंड मी भरेन. तुझ्या कोन्तेसाची अब्रू शाबूत.

बोलायचं नसेल तर नको बोलूस. पिल्लू ठेव नि जा. मात्र तिला काय खायला लागतं तेवढं सांगून जा, नाहीतर मला रोज विचारायला यावं लागेल.

तुझी थोरली बहीण, आणि आता इलाज नाही म्हणून विहीण,
नुन्झियाता