निवडलेल्या शेंगा

अप्पा, तुम्हांला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावर इतकी चिडलेय, की समोर असतात तर तोंड सांभाळलं नसतं. विज्ञान पत्रकारांसाठी एक शिष्यवृत्ती आहे. वर्षभर नोकरीतून मोकळीक, हवं ते शिकायचं. पंचेचाळिशी उलटल्यावर अशी संधी काही दारात वाट बघत उभी राहत नाही. सप्तापूरच्या घरी सकाळपासून अर्ज भरतेय आणि एका प्रश्नाशी अडकून बसलेय: तुमची कोणती महत्त्वाची बातमी छापून आली नाही, आणि का? काय लिहू? बापानं गिळली म्हणून?

हुबळीजवळ अमरगोळच्या बाजार समितीच्या यार्डात तुमचं अडतीचं दुकान, वर्तमानपत्रात माझं नोकरीचं दुसरं वर्ष. पावसानं भिजलेल्या भुईमुगाच्या शेंगा पोत्यात काळ्या पडलेल्या, आणि तुम्ही त्या चांगल्यांत मिसळून तेलाच्या घाण्यांना देताय. मी पाच दुकानांतून मूठमूठ उचलली, आपल्याही. प्रयोगशाळेत बुरशीचं विष निघालं, यकृत पोखरणारं. कुठल्याही दुकानाचं नाव न घालता बातमी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी तुम्ही पेढ्यांचा पुडा घेऊन संपादकांकडे गेलात. ते तुमच्या बैठकीतले. बातमी आणि तपासणीचा अहवाल, दोन्ही उचलून घरी आणलेत. स्वयंपाकघरात मी भांडायला उभी राहिले, तर ताटावरून मानसुद्धा वर केली नाहीत. "साकु! पुरे झालं आता. उद्या यार्डात कोण उभं करून घेईल गं मला? सगळेच मिसळतात. तू एकटीच शहाणी काय?" आणि चटणीची वाटी माझ्याकडे सरकवलीत. "खा. घरच्या शेंगा आहेत, तुझ्या आईनं एकेक निवडलेल्या."

त्या 'निवडलेल्या'नं माझं डोकं अजून फिरतं. म्हणजे ठाऊक होतं तुम्हांला! आपल्या लेकरांच्या पोटात जाऊ नये एवढं कळत होतं, घाण्यांच्या तेलातून अळणावरकडच्या मजुरांच्या कालवणात गेलं तर चालणार होतं. वर तुमच्या तेराव्याला जो तो सांगत होता, काय सचोटीचा माणूस! मी मान डोलावत लोकांना चहा देत होते. त्याचाही राग येतो, पण तो कुणावर काढू?

अर्जात मी तुम्हांला 'एक व्यापारी' करून टाकलंय. वडील लिहायला हात धजला नाही. खाली म्हटलंय, पुरावा असल्यास जोडा. तो समोरच आहे. प्रयोगशाळेनं तेव्हा अहवालाच्या दोन प्रती दिल्या होत्या, अप्पा. तुम्ही एकच नेलीत. हे पत्र कुणाला धाडायचं नाही, म्हणून सांगते. हुबळीत तेव्हा आणखी दोन वर्तमानपत्रं निघायची, आमच्या कचेरीपासून चालत जाण्याजोगी. कुणी अडवलं नव्हतं. मीच गेले नाही.