टोमॅटोची मिटलेली तोंडं

२ मार्च २००४, मंगळवार
पुन्हा बंद! सकाळचे साडेदहा, आणि ज्या टोमॅटोंना पोटभर पाणी द्यायचं ठरलंय, तेच तोंड मिटून बसलेले. पानाच्या पाठीला नेलपॉलिश लावलं, वाळल्यावर सोललं, त्यावर उठलेला पानाचा ठसा मायक्रोस्कोपखाली धरला – सगळी रंध्रं, म्हणजे पानाची बारीक तोंडं, घट्ट. झाड तहानलं की असलेलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ही तोंडं मिटतं. मग भरल्या पोटी यांना काय झालं? कोंडीराम माळी पाणी घालत नाही, दुसरं काय! माझी पीएच.डी. चाललीये पाण्यात.

४ मार्च
त्याला विचारलं. "रोज घालतोय की ताई. झाडास्नी इचारा." झाडांनाच तर विचारलंय!

५ मार्च
वाटेवरूनच कुंड्यांतली माती चाचपली. ओली. मी येताना दिसले की वरवर शिंपडत असणार. पानंही ताठ आहेत. ते जरा खटकलं, पण नेलपॉलिशवर माझा विश्वास आहे, कोंडीरामवर नाही.

८ मार्च
नळाच्या चावीवर खडूची खूण केली होती. आज पुसलेली. म्हणजे नळ सोडतो. मग पाणी जातं कुठे? शेडमागचा त्याचा मोगरा बघावा, काय माजलाय! हडपसरला त्याच्या भावकीच्या शेतात म्हणे काचेच्या आयटी इमारती उठल्या. घरात जमिनीचा पैसा आलेल्या माणसाचं माझ्या टोमॅटोंत कशाला लक्ष लागेल?

१० मार्च
पद्मजा मॅडमना, माझ्या गाईडना, सगळं सांगितलं. म्हणाल्या, "नऊ वर्षं रोजंदारीवर आहे तो. या महिन्यात कायम होणार आहे. तुझी खात्री आहे ना?" हो म्हटलं. लेखी दिलं. बरं वाटलं.

१५ मार्च
कोंडीरामला काढलं. जाताना मला शोधत होता म्हणे. मी लायब्ररीत जाऊन बसले.

१९ मार्च
वाटेपासून भिंतीपर्यंत आडव्या ठेवलेल्या लांब कुंड्यांपैकी एक फोडून मुळं धुतली. वाटेकडची माती चिंब, मुळं पांढरीशुभ्र. भिंतीकडची माती खडखडीत, मुळं वाळलेली. तो रोज घालत होता! वाटेवर उभा राहून, हात पोचेल तिथे. पलीकडेही घाल, असं मी कधी सांगितलंच नव्हतं. कोरड्या मुळांनी वर निरोप धाडला, आणि पानांनी अंगात पाणी असतानाही तोंडं मिटली.

मला फार लाज वाटली. तशीच मॅडमकडे गेले. त्या खूष! "अगं, हाच तुझा प्रबंध." कोंडीरामचं काय, विचारलं. कागद वर गेलाय म्हणाल्या, आणि पुढच्या कुंड्यांचं बोलायला लागल्या. मीही वही उघडली.

२२ मार्च
नवा माळी आला. त्याला बजावलं – पाणी फक्त वाटेच्या बाजूनेच घालायचं.